बायोस अपडेट केला आणि कॉम्प्युटर उठेना

"दादा, अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली. आता नुसता पंखा फिरतोय."

परवा सिडकोतून एका मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्वतःच जोडलेलं मशीन. असे फोन मला वरचेवर येतात, पावसाळ्यात जरा जास्तच. तोवर समोरच्याने बटण दाबून चार-पाच वेळा बंद-चालू करून पाहिलेलं असतं. शेजारच्या कोणीतरी "फॉरमॅट मारावा लागेल" असं सांगूनही टाकलेलं असतं. नाशकात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर पहिला सल्ला हाच मिळतो. सर्दी झाली म्हणून अपेंडिक्स काढायचं, तशातला प्रकार.

ज्यांनी अजून कॅबिनेटचा पत्राही उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बायोस अपडेटनंतर बंद पडलेल्या मशीनांमध्ये खरोखर मेलेली फार थोडी निघतात. बाकीची एकतर अजून आपलं काम करत असतात, नाहीतर जुनं सेटिंग विसरून बसलेली असतात. आणि फॉरमॅटने यातलं काहीच सुटत नाही.

मुळात झालंय काय

मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते. करंगळीच्या नखावर मावेल एवढी. हल्लीच्या बोर्डांवर ती बहुतेक १६ किंवा ३२ एमबीची असते. बटण दाबलं की प्रोसेसर सगळ्यात आधी हिच्यातलं वाचतो: रॅम जागी कर, डिस्क शोध, मग विंडोजला हाक मार. या चिपमधल्या प्रोग्रामला आपण बायोस म्हणतो. नव्या मशीनांत त्याचं खरं नाव यूईएफआय आहे, पण दुकानात तसं कोणी म्हणत नाही.

तुमचे फोटो, टॅलीचा डेटा, प्रोजेक्ट रिपोर्ट यातलं काहीही या चिपमध्ये नसतं. ते सगळं डिस्कवर. बायोस उडाला तरी डिस्क जागच्या जागी असते. आधी हे मनाशी पक्कं करा म्हणजे हात थरथरायचे थांबतील.

अपडेट म्हणजे ही चिप पुसून पुन्हा लिहायची. हे करताना तुम्ही किंवा दुकानदाराने कधीकाळी केलेली सेटिंग बहुतेक वेळा पुसली जातात आणि मशीन कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं. निम्मी भानगड इथेच आहे.

"मी तर काही अपडेट केलंच नाही," असं लॅपटॉपवाले हमखास म्हणतात. खोटं बोलत नसतात. आता विंडोज अपडेटमधूनच फर्मवेअर, म्हणजे याच चिपमधला प्रोग्राम, येतो, रात्री आपोआप उतरतो आणि सकाळी रीस्टार्टच्या वेळी बसतो. डेस्कटॉपवाले मात्र मुद्दाम करतात, आणि त्याला कारणंही असतात. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० चे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजने जळाले, तेव्हा बोर्ड कंपन्यांनी प्रोसेसरच्या एसओसी नावाच्या भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बायोस काढले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांची तब्येत बिघडायला लागली, त्याचा इलाजही बायोसमधूनच आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम (किल्ल्या जपून ठेवणारा सुरक्षेचा भाग) चालू करायला निघालेल्या लोकांनी तर रांगच लावली. म्हणजे अपडेट केलात यात तुमचा मूर्खपणा काही नाही.

हाताची घडी, तोंडावर बोट

पहिली पायरी: काहीही करू नका.

पडदा काळा आहे, पंखा फिरतोय, मशीन स्वतःच दोनदा बंद-चालू झालं, पंख्याचा आवाज चढतोय-उतरतोय. हे सगळं अपडेटनंतर चालतं. नव्या बायोसला रॅमची ओळख नव्याने करून घ्यावी लागते. डीडीआर ५ रॅम असेल, त्यातही जास्त रॅम असेल, तर पहिल्यांदा पडदा उजळायला चार-पाच मिनिटं सहज जातात, कधी त्याहून जास्त. घड्याळ लावून डेस्कटॉपला पंधरा मिनिटं द्या. लॅपटॉपला चार्जर लावून अर्धा तास. चहा करा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळलोय म्हणून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत गंगापूर रोडवरच्या एका क्लासमधल्या मशीनांचे बायोस करत होतो. सहा झाली, सातव्याला पडदा काळा. क्लासचे सर दारात उभे, पाचची बॅच जिन्यात येऊन थांबलेली. आधीच्या सहांनी मिनिटभर घेतलं होतं. याने तिसरं मिनिट ओलांडल्यावर माझा धीर सुटला आणि मी बटण दाबून धरलं. त्या बोर्डावर सावरायची कुठलीही सोय नव्हती. चिप काढून, लिहून, पुन्हा बसवून आणेपर्यंत तीन दिवस गेले, पैसे माझ्या खिशातून. सर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

घोडं कुठे अडलंय

वेळ देऊनही काही होत नसेल तर मशीन कुठवर येऊन थांबतं ते नीट बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. पडद्यावरचं एक वाक्यसुद्धा महत्त्वाचं असतं. "काहीतरी इंग्लिशमध्ये येतंय" एवढ्यावरून फोनवर कोणीच काही सांगू शकत नाही.

कंपनीचा लोगो दिसत असेल तर सुटकेचा श्वास टाका, बायोस जिवंत आहे आणि तुमचं काम बहुधा तासाभरात होईल. पंखा फिरतोय पण लोगोच नाही, तर जरा खटपट आहे. दिवाच लागत नसेल तर आधी मागचा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्विच आणि प्लग बघा. हसू नका. घाबरलेला माणूस वायरी हलवतो, आणि त्यात हा स्विच किती वेळा बंद झालेला मी पाहिलाय. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण सलग तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा चालू करून बघा. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांना खालच्या बाजूला सुईएवढं भोक असतं, त्यात चार्जर काढलेला असताना पेपर-क्लिप काही सेकंद दाबली की तेच काम होतं.

लोगो येतो, पुढे विंडोज येत नाही

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि सगळ्यात जास्त फॉरमॅट फुकट मारले जातात तेही इथेच.

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ २ टपटप दाबत राहा. एचपीला एफ १०. बायोसचा पडदा उघडेल. सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, सेव्ह करून बाहेर पडा, बघा, नाही जमलं तर ती पूर्वीसारखी करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुटलं आणि कशाने बिघडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तुमची डिस्क यादीत दिसतेय का ते बघा. दिसत असेल तर बूटच्या पानावर "विंडोज बूट मॅनेजर" आहे का आणि पहिल्या नंबरावर आहे का बघा. कित्येकदा तिथे पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्क पहिलं येऊन बसलेलं असतं. क्रम बदलला की खेळ खलास.

विंडोज बूट मॅनेजर यादीतच नाही, पण डिस्क आहे? मग जुनं इन्स्टॉलेशन असण्याची शक्यता मोठी. जेल रोडला माझ्या ओळखीचे एक काका आहेत, प्रेसमधून रिटायर झालेले. विंडोज ७ च्या जमान्यातलं विंडोज वरच्यावर अपग्रेड करत विंडोज १० पर्यंत आणलेलं. बायोस अपडेट झाला आणि मशीन सारखं बायोसच्याच पडद्यावर येऊन थांबायला लागलं. एका दुकानात "डिस्क गेली, नवी टाका" सांगितलं. काका डिस्क पिशवीत घालून माझ्याकडे आले, रुमालात गुंडाळून, वर रबरबँड. मी म्हटलं, "काका, डिस्क नको, मशीन आणा." डिस्क ठणठणीत होती. ती जुन्या एमबीआर पद्धतीने कापलेली होती, तिला बायोसमधलं सीएसएम हे जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग चालू लागतं आणि अपडेटने ते बंद केलं होतं. चालू केलं. चाळीस सेकंदांत नातीचा वॉलपेपर.

तुमचंही असंच असेल तर बूटच्या पानावर सीएसएम किंवा लेगसी शोधा, चालू करा. सिक्युअर बूट त्याआधी बंद करावं लागतं. पुढे कधी विंडोज ११ वर जायचं असेल तर डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करून घ्यावी लागेल. मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोज १० मध्येच दिलेलं आहे, डेटा न पुसता ते बदल करतं. पण ते आज नको. आधी मशीन उठू दे, बॅकअप घेऊ दे.

दुसरी तऱ्हा: विंडोजचे ठिपके फिरायला लागतात आणि निळा पडदा, त्यावर "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येईना. विंडोज टाकताना डिस्कचा कारभार ज्या पद्धतीने चालू होता, ती पद्धत बदललेली असते. साटा मोड किंवा स्टोरेजच्या पानावर एएचसीआय असेल तर रेड करून बघा, रेड असेल तर एएचसीआय. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपांमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, ते उलटं करून बघा. रेड निवडताना बायोस इशारा देईल. नुसतं मोड बदलल्याने डेटा जात नाही, पण "रेड व्हॉल्यूम तयार करा" असं काही विचारलं तर मागे फिरा. तिथे डेटा जातो.

उबुंटूवाल्यांसाठी एवढंच: बायोसच्या यादीतून तुमची नोंद पुसली गेली आहे, उबुंटू सुरू करणारा ग्रब हा प्रोग्राम डिस्कवरच आहे. उबुंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ईएफआय-बूट-मॅनेजर (efibootmgr) या आज्ञेने नोंद परत घाला. विंडोजची नोंद गायब असेल आणि सीएसएमचाही विषय नसेल, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट आणि एफ १० दाबलं की काळी खिडकी उघडते, तिथून बीसीडी-बूट (bcdboot) या आज्ञेने नोंद पुन्हा लिहिता येते. त्या खिडकीत सी ड्राइव्हचं अक्षर बदलून डी झालेलं असू शकतं. आधी कोणत्या अक्षरात विंडोजचं फोल्डर आहे ते बघा, मगच आज्ञा द्या.

निळ्या पडद्यावर ४८ अंक मागतोय

हा प्रकार वेगळा काढतोय, कारण इथे एक चुकीचं बटण खरंच महागात पडतं.

पडद्यावर बिटलॉकर रिकव्हरी असं लिहिलंय आणि खाली भलामोठा नंबर मागतोय. तुमची डिस्क कुलूपबंद आहे, तिची किल्ली टीपीएममध्ये होती. बायोस बदलल्यावर टीपीएमला घर ओळखू येईना, म्हणून तो तुम्हालाच ओळख विचारतोय. "पण मी कुलूप लावलंच नव्हतं!" असंच सगळे म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलेल्या नव्या लॅपटॉपांमध्ये ते आपोआप लागतं, होम आवृत्तीतसुद्धा.

किल्ली ४८ अंकांची, सहा-सहाचे आठ गट. मोबाइलवरून त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसमध्ये रिकव्हरी की बघा. तिथे एकापेक्षा जास्त असतील तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. घोळ खात्यातच असतो. कॅनडा कॉर्नरला एका सीएकडे आर्टिकलशिप करणारी मुलगी आली होती, तिच्या खात्यात एकही किल्ली नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर आठवलं की लॅपटॉप घेतला त्या दिवशी भावाने स्वतःच्या मेलने चालू करून दिला होता. भाऊ पुण्यात. फोनवर त्याने आकडे वाचले, हिने टाइप केले, एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. पण उघडला. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे असते.

एएमडीच्या डेस्कटॉपवर याच्याही आधी एक काळा पडदा येतो: एफटीपीएमची (प्रोसेसरमधल्याच टीपीएमची) रचना बदलली आहे, रीसेट करायला वाय दाबा, जुनं ठेवून पुढे जायला एन दाबा. आपला स्वभाव असा की दोन बटणं दिसली की वाय. थांबा. रिकव्हरी किल्ली हातात नसेल तर एन दाबा. वाय दाबलं की टीपीएममधली किल्ली पुसली जाते, आणि डिस्कला कुलूप असेल तर मग त्या ४८ अंकांशिवाय देवही आत जाऊ शकत नाही. ज्यांची डिस्क कुलूपबंद नाही त्यांना वायने सहसा काही होत नाही.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

आधी मॉनिटरची वायर. ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डालाच हवी, बोर्डाला नको. कार्डावर अंधार असेल तर एकदा बोर्डावर लावूनही बघा, कारण अपडेटने डिस्प्लेचंही सेटिंग मूळ जागी नेलेलं असतं. कार्ड फारच जुनं असेल तर नवा बायोस सीएसएम बंद करून उठतो आणि अशा कार्डाला मग चित्रच दाखवता येत नाही. मशीन चालू असतं, आंधळं असतं. शेजाऱ्याचं एखादं बऱ्यापैकी नवं कार्ड तासाभरासाठी लावून सेटिंग बदला.

मग सेल. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा गोल सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडे मिळतो. मशीन बंद करा, प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागवू नका. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरेल. सेलच्या कडेची पत्र्याची चिमटी नखाने ढकला, सेल उडी मारून बाहेर येतो. दहा मिनिटं तसंच ठेवा. बसवताना अधिकची खूण वर. ग्राफिक्स कार्डाखाली सेल दडलेला असेल तर बोर्डावर क्लिअर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना शोधा आणि त्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवा, अर्थात प्लग काढलेला असतानाच. याने सगळी सेटिंग कोरी होतात, तारीखही मागे जाते. नंतर ब्राउझर एकही साइट उघडेना झाला तर तारीख बघा.

नवशिक्याने लॅपटॉपचा सेल काढायच्या फंदात पडू नये. वॉरंटीत असेल तर तो उघडायचाच नाही, सरळ सर्व्हिस सेंटर गाठायचं.

एवढ्यानेही अंधारच असेल तर मशीन उघडं-वाघडं करा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, जास्तीच्या डिस्क सगळं काढा. रॅमची एकच पट्टी ठेवा. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत. रॅम काढून खोडरबरने घासून लावणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय इलाज आहे, आणि मीही करतो, पण कालपर्यंत चालणाऱ्या रॅमला रात्रीतून गंज चढत नाही. करायचंच तर पांढऱ्या मऊ खोडरबरने हलकेच, आणि भुसा झटकून. पुन्हा चालू केल्यावर परत पंधरा मिनिटांचं घड्याळ.

बऱ्याच बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो दिवा लागून राहतो तिथे घोडं अडलं. बूटचा लागला तर तुम्ही "लोगो येतो, पुढे विंडोज येत नाही" या भागातले रुग्ण आहात, इथले नाही. एचपी लॅपटॉपवर कॅप्स लॉक लुकलुकतो, डेलवर पिवळा-पांढरा दिवा. किती वेळा ते मोजा, त्या आकड्याचा अर्थ कंपनीच्या साइटवर मॉडेलनुसार दिलेला असतो.

बायोस खरंच उडालाय

सिडकोतल्या मुलाचं हेच झालं होतं. लिहिता लिहिता चिप अर्धी राहिली. सीपीयूचा दिवा लाल, बाकी सामसूम. सेल काढून, रॅम बदलून झालं होतं.

पूर्वी याला एकच रस्ता होता. १९९९ मध्ये २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने बायोस पुसले, तेव्हाची जुनी मंडळी सांगतात की तसल्याच दुसऱ्या मशीनची चिप चालू मशीनमधून उपटायची, तिथे मेलेली चिप खोचायची आणि त्या मशीनकडून लिहून घ्यायची. तेव्हा चिप खोबणीत असायची म्हणून हे जमायचं. आता डाग देऊन बसवलेली असते. पण त्या बदल्यात बोर्डाच्या मागे एक बटण आलंय.

कॅबिनेटच्या मागे यूएसबीच्या खाचांजवळ फ्लॅश बायोस, बायोस फ्लॅशबॅक किंवा क्यू-फ्लॅश प्लस असं लिहिलेलं बटण आहे का बघा. स्वस्त बोर्डांवर नसतं. असेल तर नशीब काढलंत, कारण यासाठी रॅम, कार्ड काही लागत नाही, पुष्कळ बोर्डांवर तर प्रोसेसरही लागत नाही. एसएमपीएसच्या दोन्ही वायरी, चोवीस पिनांची आणि आठ पिनांची, लावलेल्या असल्या की झालं.

मित्राच्या लॅपटॉपवरून बोर्ड कंपनीच्याच साइटवरून बायोस उतरवा. बोर्डाचं नाव खोक्यावरून नको, बोर्डावरून वाचा. गिगाबाइटच्या बोर्डांवर कोपऱ्यात रिव्हिजन नंबर छापलेला असतो, तोही जुळायला हवा. एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरं मशीन. लहान पेन ड्राइव्ह घ्या, ३२ जीबी किंवा कमी, तो फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट मारायची हौस इथे भागवून घ्या. झिप उघडून आतली फाइल कुठल्याही फोल्डरात न ठेवता थेट पेन ड्राइव्हवर टाका.

आता नाव. बटणाला ठरलेल्या नावाचीच फाइल कळते, आणि ते नाव इंग्रजीतच हवं. एमएसआयला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, एएसरॉकला क्रिएटिव्ह डॉट रॉम. आसूसच्या झिपमध्ये बायोस-रीनेमर नावाचा छोटा प्रोग्राम असतो, तो चालवला की नाव आपोआप बदलतं. सिडकोतला मुलगा इथेच दोनदा आपटला. नाव बरोबर होतं, फाइल मात्र फोल्डरात होती.

मशीन बंद, मागचा स्विच चालू. पेन ड्राइव्ह त्या एकाच ठरलेल्या खाचेत, तिच्याभोवती चौकट काढलेली असते किंवा नाव लिहिलेलं असतं. बटण तीनेक सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागला की हात काढा आणि लांब बसा. पाच-सात मिनिटं लागतात. दिवा विझला की झालं. आसूसवर दिवा पाच सेकंद लुकलुकून तसाच लागून राहिला तर फाइल वाचली गेली नाही: नाव, खाच, फॅट ३२ पुन्हा तपासा. त्या मुलाचा दिवा तिसऱ्या वेळी सात मिनिटं लुकलुकला. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघं गप्प बसलो होतो.

गिगाबाइटच्या काही बोर्डांवर दोन चिपा असतात, एक गेली की दुसरी सूत्रं हातात घेते. म्हणून तिथेही आधी थोडं थांबून बघा.

लॅपटॉपला बटण नसतं, चोरवाट असते. एचपीमध्ये चार्जर लावून विंडोज आणि बी ही दोन बटणं दाबून धरायची, त्याच वेळी पॉवर दोन-तीन सेकंद दाबून सोडायचं, बाकीची दोन मात्र धरूनच ठेवायची. बीने जमलं नाही तर व्ही. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत चार्जर काढून कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं आणि तसंच धरून चार्जर लावायचा, रिकव्हरीचा पडदा आला की सोडायचं. तीन हात लागतात, घरातल्या कोणाला तरी बोलवा. जुना बायोस डिस्कवर राखून ठेवलेला असेल तर मशीन स्वतः उचलतं, नसेल तर कंपनीच्या साइटवरून दुसऱ्या मशीनवर रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवावा लागतो.

यानेही काही झालं नाही तर चिप लेव्हलवाला. तो चिपला चिमटा लावून प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने थेट लिहितो. ऑनलाइन तो काळा स्वस्त प्रोग्रामर बघून स्वतः करायचा मोह होतो. तो मूळ रूपात डेटाच्या पिनांवर पाच व्होल्ट सोडतो आणि चिप असते ३.३ ची, काही लॅपटॉपांत तर १.८ ची. पहिल्या प्रयत्नाला शिकायची ही जागा नव्हे. दुकानात मात्र दोन गोष्टी ठणकावून सांगा. एक, "पुसण्याआधी जुना डंप काढून ठेवा." डंप म्हणजे चिपमधल्या मजकुराची जशीच्या तशी प्रत. लॅपटॉपच्या चिपमध्ये सिरियल नंबर आणि विंडोजची किल्लीही असते, कोरी फाइल मारली की ती जाते. दोन, डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. बायोसच्या कामाला ती लागत नाही. दुकानातून परत येताना "डेटा गेला" हे वाक्य मग ऐकावं लागत नाही.

उठल्यावर

तारीख-वेळ, बूटचा क्रम, फॅन. दोन दिवस तसंच वापरा, मग रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा. पुढच्या अपडेटआधी सेटिंगचे फोटो काढा आणि बिटलॉकर सस्पेंड करा, विंडोजच्या प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये तसा पर्याय असतो. लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली.

डेस्कटॉपला यूपीएस. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" असं सिडकोतला मुलगाही म्हणाला होता. मी विचारलं, मग लाइट गेल्यावर मशीन बंद कसं पडलं? त्याला सांगता येईना. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरांवर एक छोटा स्विच असतो, एका बाजूला नॉर्मल, दुसरीकडे यूपीएस. नॉर्मलवर पंखे-ट्यूबलाइट चालतात, पण लाइटवरून बॅटरीवर जायला इन्व्हर्टर जरा जास्त वेळ घेतो. ट्यूब एकदा लुकलुकते, आपल्याला काही वाटत नाही. कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो.

त्याने फोन चालू ठेवूनच जिन्याखालच्या इन्व्हर्टरवरची धूळ पुसली. स्विच नॉर्मलवर होता. आईने बसवल्यापासून कोणी हात लावला नव्हता म्हणे.